क्रायसिस चालेल का?

नोव्हेंबर २००७ मध्ये क्रायटेक या जर्मन कंपनीचा ‘क्रायसिस’ हा गेम आला. त्यानंतर कितीतरी वर्षं नव्या पीसीची चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबायची : यावर क्रायसिस चालेल का? प्रश्न रास्त होता. एनव्हिडियाचं जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे ७६८ एमबी मेमरीचं कार्ड त्या काळात पहिल्या रांगेतलं होतं. पण सगळ्या सेटिंग टोकाला नेऊन मोठ्या मॉनिटरवर खेळायला बसलं की त्याचीही दमछाक व्हायची. पानापानातून झिरपणारं ऊन, ओल्या वाळूवर सरकणाऱ्या लाटा, गोळीबाराने मोडून पडणारी झाडं असं सारं एकत्र पडद्यावर आणणारा गेम तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

क्रायसिस पुढेही बरीच वर्षं जड का राहिला, याचं कारण मात्र ग्राफिक्स कार्डात नव्हतं. त्याची रचना चालू असताना प्रोसेसर दरवर्षी अधिक वेगवान होत होते आणि हा वेग असाच वाढत राहील, असं सगळेच धरून चालले होते. प्रत्यक्षात पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झवर थांबला. चिप इतकी तापू लागली, की नुसता वेग वाढवणं परवडेना. मग कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवायला सुरुवात केली. क्रायसिसचं बरंचसं काम मात्र एकाच कोअरवर लादलेलं होतं. बाकीचे कोअर मोकळे आणि एकटा घामाघूम, अशी अवस्था नव्या यंत्रांवरही होत राहिली.

मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. क्रायसिस हा खेळ म्हणून फार चांगला होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो यंत्राची ताकद मोजण्याचं माप म्हणून. त्यातल्या सैनिकाच्या अंगात एक पोशाख असतो. तो ताकद वाढवतो, वेग देतो, गोळ्या झेलतो आणि माणसाला अदृश्यही करतो. पण या चारही गोष्टींना एकच ऊर्जा पुरवून वापरावी लागते. अदृश्य होऊन रांगत गेलात तर ती टिकते, धावलात तर भराभर उतरते आणि गोळी झाडली की क्षणात संपते. समोर शत्रूचा तळ. समुद्रातून बोटीने यायचं, की डोंगराच्या बाजूने जंगलातून, की झोपडीचं छप्परच पाडायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकच प्रसंग दहा जण दहा तऱ्हांनी खेळत. दाट झाडी इथे नुसती शोभेची नव्हती, लपायची जागा होती. ग्राफिक्स आणि खेळ एकमेकांत इतके मिसळलेले फार थोड्या गेममध्ये सापडतात.

आणि याच गेमबरोबर बेंचमार्क म्हणून जी चाचणी येत असे, तिच्यात कॅमेरा बेटावरून आपोआप फिरत जाई आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे चित्रं, उमटली तो आकडा समोर येई. चाचणीत खेळणाराच नव्हता. कार्डांचे तक्ते या आकड्यांवर बनले, वाद या आकड्यांवर रंगले. खेळातली मजा तक्त्यात बसत नाही, छायाचित्रात दिसत नाही आणि खोक्यावर छापता येत नाही. आकडा मात्र छापता येतो. ग्राफिक्सच्या वेडाचं मूळ मला इथे दिसतं.

हा सरासरी आकडा फसवाही असतो. एका सेकंदात ६० फ्रेम म्हटलं, की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, असं आपण गृहीत धरतो. पण ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत उमटल्या आणि साठावीला ४१० मिलिसेकंद लागले, तरी तक्त्यात ६०च दिसतात. खेळणाऱ्याला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठलेलं दिसतं आणि तेवढ्यात शत्रूची गोळी लागलेली असते. म्हणून कार्ड घेताना सरासरीशेजारी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग दिलेला असेल, तर आधी तो वाचावा. खेळ हाताला कसा लागेल, ते त्यावरून कळतं.

हार्डवेअरची ताकद वाया जाते, असं मला म्हणायचं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला, तेव्हा त्याचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने साध्या ४८६ प्रोसेसरवर त्रिमितीचा भास उभा केला. त्यासाठी एका खोलीवर दुसरी खोली बांधायची नाही, असं बंधन त्याने पत्करलं आणि त्या बदल्यात वेग मिळवला. त्या वेगामुळेच डूममधलं धावणं आणि चुकवणं आजही ताजं वाटतं. मार्कस पेर्सनच्या ‘माइनक्राफ्ट’ने उलटी वाट धरली. चौकोनी ठोकळे आणि खरखरीत चित्रं, पण त्या जगातला जवळजवळ प्रत्येक ठोकळा उचलता येतो, रचता येतो. पानापानाचा तपशील ठेवला असता, तर हे स्वातंत्र्य देणं तेव्हाच्या पीसीला झेपलं नसतं. या गेमच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या.

आजची शर्यत वेगळी आहे. फोर-के पडद्यावर एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर जवळपास ५० कोटी पिक्सेल रंगवायचे. त्यावर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण कुठे आदळून कुठे वळतो याचं गणित. २०२५ च्या जानेवारीत आलेलं आरटीएक्स ५०९० हे कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेतं आणि त्याची मूळ किंमत १,९९९ डॉलर होती. इतकं करूनही काम पुरं पडत नाही, म्हणून दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घुसवतं. कोपऱ्यातला आकडा दुप्पट होतो, हालचाल डोळ्यांना मऊ दिसते. पण माउस हलवल्यावर गेमने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ कमी होत नाही, थोडा वाढतोच. शांतपणे फिरायच्या गेममध्ये हे चालून जातं. नेमबाजीच्या गेममध्ये मी ते बंद ठेवतो.

मोठ्या कंपन्यांचा पैसा नसताना काय करावं, याचं एक उत्तर पुण्यातून आलं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न त्याआधी अपुरा पडला होता. त्यांनी खऱ्यासारखं दिसण्याचा हट्ट धरलाच नाही. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वास्तूंचा बाज आणि कथा सांगायला बाहुल्यांचा सावली-खेळ. त्या वर्षी गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. दृश्य नजरेत भरतं, कारण ते कुणीतरी विचार करून निवडलेलं आहे.

त्याच २०२० साली क्रायसिसची नवी आवृत्ती निघाली. सर्वांत वरच्या ग्राफिक्स सेटिंगला कंपनीने त्या जुन्या प्रश्नाचंच नाव दिलं. रे ट्रेसिंग आलं, पोत नवे आले. आणि मूळ पीसी गेममधला ‘असेन्शन’ हा विमान चालवत लढण्याचा अख्खा टप्पा गळला होता, कारण ही आवृत्ती कन्सोलवरच्या प्रतीवरून बेतलेली होती. चाहत्यांनी तक्रारी केल्या आणि पुढच्या एका अपडेटमध्ये तो टप्पा परत आला.