जळगाव–मुंबई हवाई अंतर व उड्डाणकाळ : एक भौगोलिक विवेचन

दोन विमानतळांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. भूगोलाच्या तासाला नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याची सवय या समजास कारणीभूत आहे. वस्तुतः हे अंतर पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरील बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. रेखांशातील एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर सुमारे 111 किलोमीटर, तर खानदेशाच्या अक्षांशावर सुमारे 104 किलोमीटर भरते. या गणिताने जळगाव व मुंबई विमानतळांमधील अंतर सुमारे 355 किलोमीटर येते. लोहमार्गाने जळगाव–मुंबई अंतर 420 किलोमीटर आहे.

एटीआर जातीचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे हा प्रवास 43 मिनिटांत व्हावयास हवा. प्रत्यक्षात वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ धरावा लागतो. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा सर्व काळ त्यात मोजला जातो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातील प्रतीक्षा ही सारी त्यातच येते. अंतर जितके कमी, तितका या स्थिर काळाचा वाटा मोठा.

दूरच्या प्रवासात वारा निर्णायक ठरतो. मुंबई–लंडन अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी 900 आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर मानल्यास, जाताना 8 तास 28 मिनिटे व येताना 7 तास 35 मिनिटे लागतील. वारा नसता तर दोन्ही मिळून 16 तास. वाऱ्यामुळे 16 तास 3 मिनिटे. जाताना गमावलेला वेळ येताना पूर्णपणे भरून निघत नाही, ही बाब विद्यार्थ्यांकडून मुद्दाम सोडवून घेण्याजोगी आहे. शिवाय मार्ग नेहमीच सरळ नसतो. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानची हवाई हद्द बंद राहिल्याने उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला होता.

डिसेंबर 2017 मध्ये ‘उडान’ योजनेखाली जळगाव–मुंबई सेवा सुरू झाली, पुढे ती खंडितही झाली. परंतु सेवा असतानाही धुळेकरांचे गणित निराळेच राहते. धुळ्यानजीक गोंदूर येथे धावपट्टी आहे, वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. नियमित प्रवासी सेवा मात्र नाही. धुळे–मुंबई सरळ अंतर सुमारे 280 किलोमीटर. जळगावहून विमान गाठावयाचे तर प्रथम मुंबईकडे पाठ करून सुमारे 90 किलोमीटर पूर्वेस जावे लागते. रस्त्याचे दोन तास, विमानतळावरील एक तास व उड्डाणाचा सव्वा तास धरला, तर मुंबईत उतरेपर्यंत सव्वाचार तास होतात. थेट रस्त्याने सहा-सात तास लागतात. 355 किलोमीटरच्या उड्डाणाने वाचणारा वेळ धुळेकरांच्या बाबतीत एवढाच, आणि तोही विमान वेळेवर सुटले तर.