घरातील वाय-फाय आणि अनर्थदंडव्रत

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रताला गुणव्रताचे स्थान आहे. ज्या कृतीतून आपला कोणताही संसारिक हेतू साधत नाही, तरीही जिच्यामुळे कोणा जीवाला पीडा होऊ शकते, तिचा त्याग करणे हा या व्रताचा आशय होय. आचार्यांनी त्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील दोन येथे विशेष विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजी वर्तन. आणि दुसरा हिंसादान, म्हणजे शस्त्र, विष, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. तलवार किंवा कुऱ्हाड कोणाला उसनी द्यावयाची नाही, एवढा अर्थ आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. आजच्या घरात तलवार नाही. परंतु बैठकीच्या कोपऱ्यात लुकलुकणारी राउटरची एक पेटी आहे. ती उघडी ठेवली, तर हे दोन्ही दोष नकळत कसे घडतात, हे आपल्या मुंबईच्या परिसराने २००८ साली प्रत्यक्ष पाहिले आहे.

तीन ई-मेल, तीन निरपराध ठिकाणे

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी स्वीकारणारा ई-मेल पोहोचला होता. तो कोणत्या जोडणीवरून निघाला याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचले. त्या गृहस्थाचे वाय-फाय असुरक्षित होते आणि त्याचा कोणीतरी वापर केला होता. घराची झडती, संगणकांची तपासणी, दिवसेंदिवस चाललेली चौकशी आणि वृत्तपत्रांत झळकलेले नाव, हे सारे त्यांना सोसावे लागले. त्यांचा कटाशी संबंध नव्हता हे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोवर त्या कुटुंबाची जी होरपळ व्हायची ती होऊन गेली होती.

महिनाभरातच, २३ ऑगस्ट रोजी, तशाच स्वरूपाचा दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून पाठविला गेल्याचे तपासात आढळले. एक घर, एक महाविद्यालय, एक व्यापारी कार्यालय. तिघांनीही कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. त्यांच्या वाय-फायचा दरवाजा मात्र परक्याला उघडता आला होता.

यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना सुरक्षित वाय-फायसंबंधी सूचना दिल्या. आज नवा राउटर बहुधा कुलूप लावूनच येतो. परंतु कुलूप असणे आणि ते नीट असणे यांत अंतर आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पोलीस आपल्याच दारी का येतात?

घरातील फोन, संगणक, दूरदर्शन संच ही सर्व उपकरणे राउटरमार्फत बाहेर जातात, आणि बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. तो पत्ता कोणत्या ग्राहकाच्या खात्याचा, याची नोंद पुरवठादाराकडे असते. आत कोणी बसून काय टंकले, हे त्या नोंदीवरून कळत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, उघडे वाय-फाय म्हणजे सही केलेला कोरा धनादेश. रक्कम कोणी का भरेना, खाते आपले असते आणि पहिला जाब आपल्यालाच विचारला जातो.

नाहूरसारख्या वस्तीत हा धोका अधिक जवळचा आहे. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधल्या या छोट्या स्थानकाच्या परिसरात जुन्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. भिंतीला भिंत लागून घरे झाली. कोणत्याही मजल्यावर फोन उघडून पाहावे, शेजारच्या दहा-पंधरा जाळ्यांची नावे दिसतात. याचा अर्थ आपले नावही त्या दहा-पंधरा घरांत, जिन्यात आणि खाली गाड्या लावण्याच्या जागेत दिसत असते. रेडिओलहरी उंबरठा मानीत नाहीत.

कडी कशी लावावी?

पुढील कामाला एखाद्या रविवारी सकाळचा तासभर पुरतो. घरातील नातू किंवा सून जवळ असेल तर उत्तमच.

प्रथम राउटरच्या मागील चिठ्ठी वाचावी. तिच्यावर व्यवस्थापनाच्या पानाचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि मूळ पासवर्ड असतो. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, की पासवर्ड दोन असतात. एकाने वाय-फायला जोडता येते. दुसऱ्याने राउटरच्या आतील व्यवस्था बदलता येते. बहुतेक घरी पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच, ‘अ‍ॅडमिन’ हाच ठेवतात. हे म्हणजे दुकानाच्या शटरला नवे कुलूप लावून तिजोरीची किल्ली तिजोरीवरच ठेवण्यासारखे आहे. दोन्ही बदलावेत, आणि दोन्ही वेगळे असावेत.

त्यानंतर सुरक्षेचा प्रकार पाहावा. १९९७ मध्ये आलेली डब्ल्यूईपी ही पहिली पद्धत. तिच्यातील गंभीर दोष २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले, आणि आज ती काही मिनिटांत उघडता येते. डब्ल्यूपीए ही २००३ ची तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आली. आपल्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ती निवडावी; जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२, तीही ‘एईएस’ असे लिहिलेली. केवळ डब्ल्यूईपीच दाखविणारा राउटर भंगारात देण्यायोग्य झाला असे समजावे.

आता पासवर्डकडे वळू. डब्ल्यूपीए-२ मध्ये तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. आपल्याकडे अनेक घरांत स्वतःचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. हिशेब करून पाहा. भारतीय मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे सारे मिळून ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो खरा. परंतु आपला फोन वाय-फायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती टिपून घेऊन चोर घरी निवांत बसतो, आणि शक्तिशाली संगणकावर सेकंदाला लाखो अंदाज तपासतो. ४०० कोटी हे मग काही तासांचे काम ठरते. ‘महावीर’, ‘नवकार’, ‘अरिहंत’ यांच्यापुढे १०८ किंवा १२३ जोडणेही तितकेच कच्चे, कारण ते सर्वप्रथम सुचणारे शब्द आहेत. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द घ्यावेत आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. अडकित्ता, पतंग, ताक, जिना, पितळ अशा धर्तीचे. अर्थात हेच नव्हेत. लांबी हीच येथे खरी ताकद असते.

चौथी गोष्ट डब्ल्यूपीएस नावाच्या सोयीची. एक बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांक देऊन जोडणी करून देण्यासाठी ती निघाली. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. परंतु त्यातील शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा, आणि राउटर उरलेले आकडे दोन तुकड्यांत तपासतो: आधी चार, मग तीन. त्यामुळे १०,००० आणि १,००० मिळून जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ च्या अखेरीस जगासमोर आला. पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी ही खिडकी उघडी राहिली तर व्यर्थ. म्हणून डब्ल्यूपीएस बंद करावे. बाहेरून राउटरची व्यवस्था पाहण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही सोयही बंद ठेवावी.

पाचवे, राउटरच्या आतील प्रणाली अद्ययावत ठेवावी. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी डब्ल्यूपीए-२ मध्येही एक दोष दाखविला. उत्पादकांनी दुरुस्त्या दिल्या, पण ज्यांनी त्या बसविल्याच नाहीत त्यांना त्यांचा काय उपयोग? व्यवस्थापनाच्या पानावर ‘फर्मवेअर’ या शीर्षकाखाली ही सोय असते. ती आपोआप होण्यासारखी असेल तर चालू करावी.

जाळ्याला नाव देताना आडनाव आणि घरक्रमांक टाळावा. नाव लपविल्याने मात्र सुरक्षा लाभत नाही. जोडलेली उपकरणे ते नाव हवेत उच्चारीतच असतात.

दुकान, पाहुणे आणि परब

व्यापारी घरांत आणखी एक पेच असतो. एकाच वाय-फायवर बिलाचा संगणक, हिशेबाची प्रणाली, कॅमेऱ्याची पेटी, नोकरांचे फोन आणि आलेल्या गिऱ्हाइकाचा फोन असे सारे चालते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रणालीने कारखान्यातील पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर जगभरातून ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी इतरांच्या यंत्रणा बंद पाडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना आपली वस्तू कोणाला इजा करीत आहे याची वार्ताही नव्हती. हिंसादानाचे याहून स्पष्ट आधुनिक उदाहरण मला तरी सुचत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘गेस्ट नेटवर्क’. बहुतेक नव्या राउटरमध्ये ही दुसरी वेगळी वाट असते. तिच्यावरून इंटरनेट मिळते, पण आतल्या संगणकांपर्यंत जाता येत नाही. पर्युषणात येणारे पाहुणे, शिकवणीची मुले, गिऱ्हाईक यांना ही वाट द्यावी; दूरदर्शन संच आणि कॅमेरेही शक्यतो तिच्यावरच जोडावेत. त्यांचाही मूळ पासवर्ड बदलावा. नोकर काम सोडून गेला की पासवर्ड बदलावा. बँकेत तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्याची बदली झाली की किल्ल्यांची रीतसर देवघेव नोंदवून होते. तेथे कोणी तो स्वतःवरचा अविश्वास मानीत नाही.

काही सहृदय मंडळी विचारतात, ‘आपला समाज उन्हाळ्यात पाण्याची परब घालतो. मग शेजारच्या गरीब विद्यार्थ्याला वाय-फाय वापरू दिले तर काय बिघडले?’ प्रश्न मोलाचा आहे. दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारींवरून ठरते, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. कोणी घेतले, कशासाठी घेतले हे दात्याला ठाऊक नसेल, तर तेथे विधीही नाही आणि पात्राचा विचारही नाही. त्या विद्यार्थ्याला अवश्य द्यावे. त्याला बोलावून, नाव विचारून, पाहुण्यांच्या वाटेचा पासवर्ड आपल्या हाताने द्यावा. परीक्षा संपली की तो बदलावा. परबेवरही मडके झाकलेलेच असते आणि ओगराळे कोणाच्या तरी हाती असते.

या कडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती बनावट फोन, खोटे दुवे किंवा ओटीपी मागणारे ठग यांच्यापासून वाचवीत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास पैसे वाटेत अडविण्याची शक्यता अधिक असते.

आपण सायंकाळी प्रतिक्रमणात दिवसभराच्या अजाणता घडलेल्या दोषांची आलोचना करतो. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला म्हणा, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादीही वाचावी. प्रत्येक नावापुढे घरातील कोणाचे हे सांगता आले पाहिजे. जे ओळखता येत नाही ते काढून टाकावे, पासवर्ड बदलावा आणि नवा पासवर्ड घरातील वहीत लिहून कपाटात ठेवावा.

जय जिनेंद्र.