नाममुद्रा आणि उसनवारी

तुकोबांच्या गाथेत सालोमालो नावाच्या माणसावर अभंग आहेत. 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोचले. तुकोबांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालून तो ते मिरवीत असे, असे परंपरा सांगते. शेवटची नाममुद्रा तेवढी बदलली, तर तुकोबांसारख्या विरक्त पुरुषाने रागवावे का? पण ‘तुका म्हणे’ यात कीर्तीची हाव नाही. या बोलण्याचा जाब मला विचारा, अशी ती कबुली आहे. ती पुसली की जाब विचारायचा कोणाला?

उसने घेणे हा दोष नव्हे. ज्ञानेश्वरांनी व्यासांचा मागोवा घेतला, भाष्यकारांना वाट विचारली, आणि तसे उघड सांगितले. प्रबंधातील तळटीप तेच काम करते.

आपल्या किनवटची मुलेही आता प्रबंध लिहितात, म्हणून नियम ठाऊक असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. 40 टक्क्यांपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो. 60 टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. हे साम्य यंत्र मोजते. ते शब्द ओळखते; चोरलेला विचार त्याला सहसा दिसत नाही. म्हणून ‘पाऊस’ खोडून ‘पर्जन्य’ लिहिणाऱ्या चतुरांचे फावते! वाक्यरचना तीच, युक्तिवादाचा क्रम तोच, तर शब्द बदलूनही ती चोरीच.

बरीच चोरी टिपणवहीतच सुरू होते, आणि तीही नकळत. उतरवून घेतलेले वाक्य अवतरणचिन्हांत नसले, तर सहा महिन्यांनी ते आपलेच वाटू लागते. टिपताना त्याच क्षणी ग्रंथ, लेखक आणि पृष्ठांक लिहावा. नंतर ग्रंथ मिटून, समजलेले आपल्या शब्दांत मांडावे. तरीही विचार ज्याचा त्याचे नाव द्यावेच.

छापील ग्रंथाचा लेखक निदान तक्रार करू शकतो. आपल्या तालुक्यातील कोलाम, गोंड वा बंजारा वस्तीवरील आजीबाई गाणे सांगते, वनस्पतीचा गुण सांगते. प्रबंधात मात्र ‘संशोधकाने संकलित केले’ एवढेच छापले जाते. तिच्यापाशी नाममुद्राही नाही. अभ्यासकाने तिला विचारून तिचे नाव, गाव व तारीख नोंदवावी. नाव नको म्हणाली, तर ‘सांगणारी वृद्धा’ असे लिहून गाव द्यावे, आणि छापलेले पान तिला वाचून दाखवावे.