अम्मींची मधुमालती

आमच्या सांगलीच्या घरी दारावर मधुमालतीची वेल आहे. मोहल्ल्यात कुणी तिला लाल चमेली म्हणतं, कुणी रंगूनची वेल. घर बांधलं त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी ती लावली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दारावरच्या कमानीपुरतीच होती. मगरिबनंतर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्याखाली खाट टाकून बसत. ही फुलं उमलतात तीही त्याच वेळेला. पहिल्या संध्याकाळी पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात.

सासरे गेले आणि वेलीला कुणी हात लावेना. दहा वर्षांत ती कमानीवरून सज्जावर आणि सज्जावरून गच्चीवर गेली. पन्हळात पाला साचून पावसाचं पाणी तुंबलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. शेजारच्या खाला रोज त्यांच्या अंगणातला पाचोळा झाडत आणि आम्हाला ऐकू जाईल इतपत बोलत. हे सगळं आम्ही चालवून घेतलं. पण एका संध्याकाळी अम्मींनी विचारलं, "यंदा फुलं नाही आली का गं?" फुलं महिनाभरापासून येत होती, पण वर गच्चीवर. अम्मींचे गुडघे जिना चढू देत नाहीत. त्यांच्या डोक्यावर उरली होती ती नुसती वाळक्या काटक्यांची जाळी.

याआधी मी प्रयत्न केला नव्हता असं नाही. ऐन मे महिन्यात कोयता घेऊन बाहेर लोंबणारा भाग कापला होता, केसांची टोकं कापावीत तसा. दोन महिन्यांत पाला होता त्याहून दाट झाला. आत ऊन नाही, वारा नाही आणि फूल तर नाहीच.

उलगडा केला तासगावच्या मामूंनी. हे अम्मींचे धाकटे भाऊ, द्राक्षबागायतदार. आमच्या भागात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. मामूंनी वेल खालून वर न्याहाळली आणि सांगितलं की मधुमालतीला फूल येतं ते त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्याला. नवी फूट उजेडाकडे धावते. दरवर्षी ती जुन्याच्या वर चढते, म्हणून फूलही दरवर्षी वर सरकतं. नवी फूट खाली हवी असेल तर कापायलाही खालीच हवं.

"किती खाली?" अम्मींनी विचारलं. मामूंनी कमरेला हात लावून दाखवला. अम्मी उठून आत गेल्या. त्यांच्या लेखी ती वेल नव्हती, आमच्या सासऱ्यांच्या हातचं काम होतं. दोन दिवस हा विषय घरात निघाला नाही. तिसऱ्या दिवशी मामूंचा फोन आला. "आपा, दाजींनी लावली ती मुळं. मुळांना मी हात लावणार नाही." तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या, तेही सर्वांत जुनं, मनगटाएवढं जाड खोड तसंच ठेवायचं या अटीवर.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, शाबान सुरू होता. महाराष्ट्रात या वेलीची जोरकस छाटणी करायला हाच काळ बरा. थंडी ओसरलेली असते आणि नवी फूट यायच्या बेतात असते. एप्रिल-मेमध्ये आतलं उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं, आणि भर पावसात मोठ्या जखमा कुजण्याची भीती असते. कापण्याआधी मामूंनी सगळा गुंता हाताने चाळून कुठे बुलबुलाचं घरटं नाही ना ते पाहिलं. अंडी-पिल्लं असतील तर महिनाभर थांबायचं.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कपडा हवाच. या वेलीचं पान गळतं, पण देठाचा बुडखा तसाच राहून टणक काटा होतो, आणि त्याच्याच आधाराने वेल चढते. बारीक काड्यांना छाटणीची कात्री (मळ्यात हिला सिकेटर म्हणतात) आणि जाड खोडाला करवत. कोयता नको, त्याने खोड चिरतं. पाती आधी स्पिरिटने पुसून घ्यायची. गुंता ओढून काढायचा मोह आवरावा; कौल किंवा वायर सोबत येते. आम्ही खाली तुकडे केले आणि वरचं आठवडाभर तसंच वाळू दिलं. मग ते सहज निघालं.

पहिल्यांदा मेलेलं लाकूड. साल नखाने खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर काढायचं. मग एकमेकांवर घासणाऱ्या काड्या. मग मुळाजवळून फुटलेले मुनवे, यातला एक जोमदार तेवढा पुढच्यासाठी ठेवायचा. शेवटी पाच मुख्य खोडं राखून ती तीन-साडेतीन फुटांवर, डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरकी कापली. जाड जखमांना बोर्डो पेस्ट लावली: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र, पाणी सगळं मिळून १ लिटर. धातूचं भांडं वापरायचं नाही आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. बुंध्याशी दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. युरिया टाकू नये, त्याने नुसता पाला वाढतो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दारात पाच खुंट आणि एक जुनं खोड. येणारा-जाणारा विचारायचा, "वेल मेली का?" अम्मी काही बोलत नव्हत्या, पण खाट त्यांनी परसात नेली. रमजानमध्ये सहरीनंतर मी बॅटरी घेऊन खोडं बघत असे. पहिला आठवडा काहीच नव्हतं. मग एके दिवशी सालीतून ज्वारीच्या दाण्याएवढे लालसर कोंब बाहेर आले, एका खोडावर सात. ईदेपर्यंत ते हातभर झाले.

इथे मामूंनी दुसरी गोष्ट शिकवली, आणि माझ्या मते छाटणीइतकीच ही महत्त्वाची आहे. काडी सरळ वर जाऊ दिली तर फक्त शेंड्याचा डोळा वाढतो. तीच आडवी बांधली तर तिच्यावरचे पुष्कळ डोळे फुटतात. द्राक्षाचा ओलांडा असतो तसं. आम्ही जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी नव्या काड्या कमानीवर आडव्या, सैल बांधल्या. तार किंवा सुतळी घट्ट बांधली तर सालीत रुतते. काडी दोन हात झाली की शेंडा मारायचा.

बकरी ईदच्या चार दिवस आधी पहिला घोस आला, दारातून हात वर केला तर लागेल इतका खाली. खाट पुन्हा अंगणात आली.

या वेलीचं शास्त्रीय नाव आज कॉम्ब्रेटम इंडिकम आहे, पण १७६२मध्ये लिनिअसने दिलेलं जुनं नाव होतं क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साधारण 'कोण? कशी?' असा होतो. रोप लहानपणी झुडपासारखं उभं वाढतं आणि पुढे वेल होऊन धावत सुटतं, त्याला ते नाव शोभतं.

बोगनवेलीलाही नव्या फुटीवरच फूल येतं, तिलाही अशी छाटणी मानवते. संक्रांतवेलीचं मात्र वेगळं. ती जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, म्हणून तिला बहर संपल्यावर कापावं, आधी कापली तर त्या वर्षीची फुलं गेलीच.

आमचं ते जुनं खोड अजून उभं आहे. त्याची फुलं अजूनही गच्चीवरच येतात आणि पन्हळात पाला पडतोच. येत्या फेब्रुवारीत ते कापू का, असं मी अम्मींना विचारलं आहे. "बघू," म्हणाल्या.