सुरतेच्या परसातली कोंबडी : 2006 ते 2021

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, एका मठात, ब्रदर विल्फ्रेड यांनी 1908 पासून खपून शाँतक्लेर ही कोंबडी घडवली. हिवाळ्यात गोठू नये म्हणून तिचा तुरा आणि चोचीखालची लोंबती लाल कातडी अगदी छोटी ठेवली. सुरतेत आणली तर बिचारीचे हाल होतील. कोंबडीला घाम येत नाही. ती उष्णता टाकते ती तुऱ्यातून आणि चोच वासून धापा टाकत. खंबातच्या आखातावरून येणाऱ्या दमट हवेत धापांचाही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे इथे मोठा तुरा आणि कमी पिसं, हेच गुण. खेड्यापाड्यांत उघड्या मानेची कोंबडी टिकून आहे ती याचमुळे.

पण 2006 ते 2021 या काळात इथल्या पाळणाऱ्यांची झोप उडवली ती उन्हानं नव्हे.

18 फेब्रुवारी 2006 रोजी नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशातली ही पहिलीच नोंद. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. विषाणूनंही हद्द पाळली नाही. शेजारच्या उच्छल तालुक्यात तो निघाला आणि उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यातच होतं (तापी जिल्हा 2007 मध्ये वेगळा झाला). लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्याची पाळी आली, आणि या वेळी रोग निघाला तो गावातल्या परसातल्या कोंबड्यांत. सुरतेतल्या लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांसाठी ही परक्या मुलखातली बातमी नव्हती. गावाकडच्या खुराड्यांवरच ती येऊन आदळली होती.

पुन्हा कोंबड्या पाळताना जात निवडायची तर पर्याय होते. बंगळुरूत 1989 मध्ये तयार झालेली गिरिराजा, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराजा. दिसायला गावरान, वाढ झपाट्याची, अंडीही देशी कोंबडीहून कितीतरी जास्त. मेख एकच: वनराजा सहसा खुडूक होत नाही. म्हणजे घरच्या घरी पिल्लं निघत नाहीत, दर खेपेला बाहेरून आणावी लागतात. जास्त अंडी हवीत की अंडी उबवणारी कोंबडी, याचा सौदा इथे करावाच लागतो. अशा वेळी टोपलीतून विकत फिरणाऱ्याकडची एक दिवसाची पिल्लं स्वस्त वाटतात, पण मानमोडीची लस टोचली की नाही हे कोण सांगणार? चार-पाच आठवडे सांभाळलेली, लस दिलेली पिल्लं महाग पडतात. तरी पैसे तिथेच घालावेत.

गंमत म्हणजे, या हवेत मुरलेली जात सुरतेच्या अगदी शेजारीच आहे. भरूच-नर्मदा पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवरची अंकलेश्वर कोंबडी देशी जातींच्या सरकारी यादीत नोंदलेली आहे. बोलबाला मात्र मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथचा. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षभरात सांगलीकडच्या शेकडो शेतकऱ्यांचे पैसे कडकनाथ पालनाच्या योजनेत बुडाले.

जानेवारी 2021 मध्ये खुद्द झाबुआतल्या एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू निघाला. फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. पंधरा वर्षांनी त्याच तालुक्यात कोंबड्या पुरण्यासाठी खड्डे खणले गेले.