होस्टेलची खोली, लिनक्सची मेस आणि बाबांचा पीसी

मित्रांनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र असा आहे की आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो कधी ना कधी छळतोच : डॉकर.

झालं असं, की मिनी प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला चार दिवस उरले असताना ग्रुपमधल्या एकाच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. आणि आमचं बसच्या वेळापत्रकाचं ॲप नेमकं त्या एकाच लॅपटॉपवर चालायचं! कोड गिटवर होता, पण पायथॉनची आवृत्ती जुनी, त्यात एक लायब्ररी विंडोजवर बसेचना. 'माझ्याकडे तर चालत होतं' ही सबब गाइड मॅडमनी मागच्याच रिव्ह्यूला बाद केली होती. म्हटलं, आता डॉकरच. घरी मशीन एकच, बाबांचा असेंबल केलेला डेस्कटॉप. रायझन प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज ११ आणि दुकानाचा सगळा हिशोब टॅलीत.

"हे बघ, माझं जीएसटी आहे त्यात," बाबा म्हणाले, "काही बिघडलं तर..." पुढचं त्यांनी बोलायचं ठेवलं. मी आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, मग बसले.

डॉकर डेस्कटॉप इन्स्टॉल झालं आणि उघडल्या उघडल्या तक्रार : व्हर्च्युअलायझेशन सापडत नाही. आता मी निघाले कंटेनर चालवायला, मध्येच हे व्हर्च्युअल मशीन कुठून आलं? कंटेनर म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे, हे तर आपण परीक्षेत फरकाचा तक्ता काढून लिहितो!

उत्तर कळलं आणि पुढची सगळी डोकेदुखी हलकी झाली, म्हणून तेच नीट सांगते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे वेगळा फ्लॅट, त्यात स्वतःचं स्वयंपाकघर. कंटेनर म्हणजे होस्टेलची खोली. कुलूप आपलं, कपाट आपलं, पण मेस सगळ्यांची एकच. ही मेस म्हणजे कर्नल. एका खोलीतलं दुसरीला दिसू नये म्हणून लिनक्समध्ये नेमस्पेसेस असतात, आणि कोणी किती पोळ्या घ्यायच्या हे सीग्रुप्स ठरवतात. सीग्रुप्स लिनक्स कर्नलमध्ये २००८ साली आले, डॉकर आलं २०१३ मध्ये. म्हणजे भिंती आधीच उभ्या होत्या, डॉकरने ॲडमिशन सोपी केली. आता आपण वापरतो त्या बहुतेक इमेजेस लिनक्सच्या. त्यांना लिनक्सचीच मेस लागते, विंडोजच्या मेसमध्ये त्या उपाशी राहतात. म्हणून विंडोजवर आधी एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन उभं राहतं (डब्ल्यूएसएल २ ते हेच) आणि त्याच्या आत आपले कंटेनर.

तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे सीपीयू. व्हर्च्युअलायझेशनपुढे 'डिसेबल्ड' लिहिलेलं. ते बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. एएमडीच्या बोर्डांवर त्याला 'एसव्हीएम मोड' म्हणतात, इंटेलवर 'व्हीटी-एक्स' किंवा तसंच काही. बाबा मागे उभे, स्क्रीन काळी, माझा हात डिलीट बटणावर. ("डिलीट कशाला दाबतेस?" हा प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही.) या सेटिंगने डेटा जात नाही. पण बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी जवळ ठेवा, ती मागितली जाऊ शकते.

परत विंडोज, ॲडमिन पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल इन्स्टॉल', रीस्टार्ट, आणि 'डॉकर रन हॅलो-वर्ल्ड' चाललं! मग मी एक गंमत केली. एक डेबियनचा कंटेनर उघडला, एक अल्पाइनचा, आणि दोन्हींत कर्नलचं नाव विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं, आणि त्यात चक्क 'मायक्रोसॉफ्ट' शब्द! खोल्या दोन, मेस एक. तुम्हीही करून बघा.

रात्री टॅली रांगायला लागलं. डब्ल्यूएसएल २ सांगितलं नाही तर निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे आमच्याकडे ४ जीबी. युजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' नावाची फाइल करून ३ जीबीची मर्यादा लिहिली, 'डब्ल्यूएसएल शटडाउन' दिलं, काम झालं.

खरी रात्र खाल्ली ती दुसऱ्याच गोष्टीने. कंटेनर चालू, पोर्ट ५००० जोडलेला, ब्राउझरमध्ये मात्र काही येईना. फ्लास्क १२७.०.०.१ वर ऐकत होतं. पण खोलीतला लोकलहोस्ट म्हणजे ती खोलीच, बाहेरची हाक आत पोचणार कशी? पत्ता ०.०.०.० केला आणि पहाटे अडीचला बसचं वेळापत्रक आलं. आई उठून आली, मला वाटलं ओरडणार, तर म्हणाली, "चहा टाकू का?"

'डॉकर सेव्ह'ने इमेजची एकच टार फाइल होते. ती टॅलीच्याच पेनड्राइव्हवर टाकून रिव्ह्यूला नेली. लॅबच्या उबंटू मशीनवर डॉकर होतंच. 'डॉकर लोड', 'डॉकर रन', ॲप हजर. तिथे मधलं व्हर्च्युअल मशीन नाही, रॅमची ओढाताण नाही. मॅडम म्हणाल्या, "यात विंडोज कुठे गेलं?" मी त्यांच्यासमोरच कंटेनरला कर्नलचं नाव विचारलं. आता त्याने उबंटूचं सांगितलं.

घरी फोन केला. बाबांनी मार्क विचारलेच नाहीत. "ते पेनड्राइव्ह परत आण हां, बॅकअप आहे त्यात."