बिनतारी सॉकेट आणि पाण्याचा पंप

घरांत बसल्या जागेवरून पडवींतील दिवा किंवा परसांतील पंप चालू-बंद करतां यावा, अशी सोय करणारीं बिनतारी सॉकेटें आतां बाजारांत सहज मिळतात. घरांतील लहानसा संगणक ठरल्या वेळीं रेडिओलहरींनीं हुकूम सोडतो व सॉकेट तो पाळतें. पेण-रोह्याकडील आमच्या ज्या वाचकांच्या मनांत अशी सोय करण्याचें असेल, त्यांच्यासाठीं चार शब्द लिहितों.

कल्पना कांहीं नवी नव्हे. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा अशाच लहरींनीं वाजवून दाखविली होती. तेथें घंटेचा नाद तरी ऐकूं आला. या स्वस्त सॉकेटांपैकीं बहुतेकांची खोड अशी, कीं तीं हुकूम घेतात, पण उत्तर देत नाहींत. हुकूम पोंचला नाहीं, किंवा मध्यें वीज जाऊन आली, तरी संगणकाच्या पडद्यावर ‘चालू’ असेंच दिसत राहतें. वीज परतल्यावर कांहीं सॉकेटें बंद राहतात, कांहीं पूर्वस्थितीस येतात. आपलें कोणत्या जातीचें, हें मेन स्विच एकदां पाडून व पुन्हां लावून प्रथमच पाहून घ्यावें.

दिव्याच्या बाबतींत ही खोड हंसण्यावारी जाईल. पंपाच्या बाबतींत जाणार नाहीं. रोह्याजवळ कुंडलिकेच्या कांठावरील पंपच घ्या. उन्हाळ्यांत या नदीस जें पाणी असतें, तें मुख्यत्वें मुळशीच्या धरणांतून भिऱ्याच्या वीजगृहांत येऊन, वीज करून सुटलेलें. तिकडील जनित्रें थांबलीं कीं इकडे पात्र उतरतें. अशा वेळीं फूट-व्हॉल्व्ह उघडा पडून पंप कोरडा फिरूं लागला, तर त्याचें सील जळण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि घरीं बसलेल्या मालकास त्याची वार्ताही नसते. म्हणून मोटरीच्या तारेवर प्रवाह मोजणारें साधन बसवून त्याची नोंद संगणकास मिळेल असें करावें. प्रवाह दिसला तरच पंप चालू समजावा. तो नेहमींपेक्षां बराच उतरला, तर पंप बंद करण्याचा हुकूम आपोआप सुटावा.

मोटरीचा भार थेट सॉकेटावर टाकूं नये. एक अश्वशक्ति म्हणजे अवघे 746 वॅट खरे. परंतु सुरू होतांना मोटर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. त्यानें सॉकेटांतील नाजूक पत्त्या चिकटल्या, कीं बंदचा हुकूम व्यर्थच. सॉकेटानें कॉन्टॅक्टर ओढावा व कॉन्टॅक्टरनें मोटर चालवावी.

यांतील पुष्कळशीं साधनें 433 मेगॅहर्ट्झवर चालतात. आपल्या देशांत त्या पट्टीची बिनपरवाना मुभा घराच्या आंतील वापरापुरती आहे. शेतावरील कामास 865 ते 868 मेगॅहर्ट्झचीं मान्यताप्राप्त साधनें पाहावीं. सॉकेटाचा सांकेतिक आकडाही घेतांच बदलावा, नाहींतर शेजारी आपला दिवा लावील आणि पंप सुरू होईल आमच्या वाचकांचा!

पंप दुरुस्तीस काढावयाचा असेल, तर पडद्यावरील ‘बंद’ या अक्षरांवर मुळींच विसंबूं नये. पंपाजवळील मेन स्विच हातानें पाडून त्यास कुलूप घालावें व किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. घरांत कोण केव्हां कळ दाबील, याचा नेम नाहीं.